रात्रीची निद्रा आणि दिवसाची चाल

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)

सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत आत्मा, कर्म, अनेकांत, अपरिग्रह अशा विषयांची अपेक्षा असते आणि ती योग्यच आहे. आजचा विषय मात्र सर्वस्वी देहाशी निगडित आहे. मनुष्याची रात्रीची झोप कशी आहे आणि दिवसा तो किती वेगाने चालतो, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, हा तो विषय. सभामंडपापेक्षा तो दवाखान्याच्या बाकावरच अधिक शोभेल, असे कोणास वाटले तर नवल नाही. परंतु दर्शन, पूजा, यात्रा, मुनिसेवा यांपैकी कोणतीही गोष्ट पायांवाचून होत नाही, हेही तितकेच खरे.

न्यासाला पन्नास वर्षे झाली याचा एक सरळ हिशेब असा की, स्थापनेच्या काळी जे पंचविशीत होते ते आज पंचाहत्तरीत आहेत. त्यांच्यातील काही जण आजही पहाटे सर्वांच्या आधी मंदिराच्या पायरीवर असतात. काहींना मात्र घरापासून मंदिरापर्यंतची तीच वाट आता दोन ठिकाणी थांबून चालावी लागते. पालमसारख्या लहान गावात ही वाट फार लांब नसते. मुलांना विचारले तर उत्तर ठरलेले असते, "वय झाले आता." या शब्दांनी घराघरांत फार नुकसान केलेले आहे. वयाबरोबर चाल मंदावते हे खरे. परंतु ती किती मंदावली, केव्हापासून मंदावली आणि त्यामागे वयाखेरीज आणखी काही आहे काय, हे कोणी पाहत नाही. रात्री झोप नीट लागत नाही, हे तर विचारलेही जात नाही.

जैन परंपरेत पायांच्या या सामर्थ्याला एक स्वतंत्र शब्द आहे: जंघाबल. साधू-साध्वींनी एका ठिकाणी न राहता विहार करीत राहावे, हा नियम. परंतु ज्यांचे जंघाबल क्षीण झाले त्यांना एका स्थानी स्थिरवास करण्याची मुभा श्वेतांबर परंपरेने दिलेली आहे. म्हणजे चालण्याची शक्ती किती उरली आहे, हा प्रश्न संघाच्या दृष्टीने पूर्वीपासून गंभीर होता. दिगंबर परंपरेतील उदाहरण तर महाराष्ट्राच्या चांगल्या परिचयाचे आहे. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांचा जन्म १८७२ चा. १९२७ साली कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज-बाहुबली येथून संघासह पायी निघून ते १९२८ मध्ये सम्मेदशिखरजीस पोहोचले. त्या वेळी त्यांचे वय पंचावन्न होते. पुढे वार्धक्यात दृष्टी मंदावली. पाहून पाऊल टाकणे, म्हणजे ईर्यासमिती, यापुढे निर्दोषपणे पाळता येणार नाही, या विचाराने त्यांनी कुंथलगिरी येथे सल्लेखना स्वीकारली आणि १८ सप्टेंबर १९५५ रोजी देह ठेवला. एका महान साधकाने आपल्या चालण्याच्या योग्यतेकडे किती डोळसपणे पाहिले, हे या प्रसंगातून दिसते.

निद्रेविषयीही शास्त्रांनी सूक्ष्म विचार केलेला आहे. दर्शनावरणीय कर्माच्या नऊ उत्तरप्रकृतींपैकी पाच निद्रेच्या आहेत: निद्रा, निद्रानिद्रा, प्रचला, प्रचलाप्रचला आणि स्त्यानगृद्धी. पाठशाळेत ही नावे पाठ केली जातात; त्यांचे वर्णन मात्र थोडेच वाचतात. दहाव्या शतकातील आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांच्या गोम्मटसार कर्मकांडात निद्रेच्या उदयाचे लक्षण सांगताना चालणाऱ्या माणसाचे चित्र येते: चालता चालता तो उभा राहतो, उभा असलेला बसतो आणि अखेर कोसळतो. श्वेतांबर परंपरेतील देवेंद्रसूरींच्या कर्मग्रंथात प्रचला म्हणजे बसल्या किंवा उभ्या जागी येणारी झोप आणि प्रचलाप्रचला म्हणजे चालताना येणारी झोप, असा अर्थ सांगितला आहे. दोन्ही परंपरांच्या व्याख्यांत फरक आहे. परंतु झोपेचा दोष ओळखायचा तर मनुष्याच्या चालण्याकडे पाहावे, ही दृष्टी दोन्हींकडे आढळते.

हे ऐकून "आजचे विज्ञान आमच्या ग्रंथांत आधीच होते" असा जयघोष करण्याचे कारण नाही. कर्मसिद्धांताचे प्रयोजन वेगळे, वैद्यकाचे वेगळे. ग्रंथकारांनी माणूस बारकाईने पाहिला होता, एवढेच यातून घ्यावे, आणि तेही थोडके नाही.

आता वैद्यकाकडे वळू. चालण्याचा वेग हे प्रकृतीचे मोजमाप म्हणून गेल्या काही दशकांत जगभर मान्य झाले आहे. नाडी, ताप, रक्तदाब यांच्याच पंक्तीला तो बसवावा, असे म्हणणारे तज्ज्ञ आहेत. याला यंत्र लागत नाही. सपाट जमिनीवर चार मीटरचे अंतर आखावे. कापड मोजण्याचा मीटर चार वेळा ठेवला की अंतर तयार. व्यक्तीने आपल्या रोजच्या चालीने चालावे, शर्यत लावल्यासारखे नव्हे. काठीची सवय असेल तर काठी घेऊन. शेवटच्या रेषेच्या पुढेही एक-दोन पावले टाकू द्यावीत, नाहीतर माणूस रेषा दिसताच पाय आखडतो. किती सेकंद लागले ते पाहावे, दोनदा मोजावे आणि त्यातील चांगला आकडा लिहावा.

चार सेकंद लागले तर वेग सेकंदाला एक मीटर, म्हणजे ताशी साडेतीन किलोमीटरहून किंचित अधिक. पाच सेकंद लागले तर ०.८ मीटर. स्नायूंच्या क्षयाचा विचार करणाऱ्या आशियाई तज्ज्ञ मंडळाने २०१९ मध्ये सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी वेग हा शारीरिक क्षमता घटल्याचा इशारा मानावा असे सुचविले. युरोपीय मंडळाची मर्यादा ०.८ मीटरची आहे. अनेक देशांत रस्ता ओलांडण्याच्या दिव्याची वेळ ठरविताना पादचाऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे १.२ मीटर धरण्याची पद्धत आहे. याचा अर्थ असा की मंद चालणाऱ्या वृद्धाला दिवा बदलण्यापूर्वी रस्ता ओलांडता येत नाही. पालमच्या रस्त्यावर असा दिवा नसला, तरी नांदेडकडे आणि गंगाखेडकडे धावणारी वाहने आहेतच.

२०११ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. नऊ वेगवेगळ्या पाहण्यांतील, पासष्ट वर्षांवरील ३४,४८५ व्यक्तींची चाल मोजून त्यांचा सहा ते एकवीस वर्षे मागोवा घेण्यात आला होता. चालण्याचा वेग सेकंदाला ०.१ मीटरने अधिक असेल, तर त्या काळात मृत्यूचा धोका सुमारे बारा टक्क्यांनी कमी आढळला. ०.१ मीटर म्हणजे अवघे दहा सेंटिमीटर! कापडात एवढा तुकडा कोणी हिशेबात धरीत नाही. अर्थात वेगाने चालल्यामुळे आयुष्य वाढते, असा याचा अर्थ करू नये. हृदय, फुप्फुसे, सांधे, मज्जातंतू, डोळे आणि मेंदू ही सर्व मंडळी एकत्र काम करतात तेव्हा पाऊल पडते. म्हणून चालीचा वेग हा त्या सर्वांचा एकत्रित ताळेबंद ठरतो. ताळेबंद तोट्यात दिसला तर कोणते खाते बुडीत आहे ते शोधावे लागते.

त्या खात्यांपैकी सर्वांत दुर्लक्षित खाते झोपेचे. झोप चांगली की वाईट, हे केवळ तासांवर ठरत नाही. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे तयार झालेली आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेली एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. झोपेविषयी स्वतःचे मत, झोप लागण्यास लागणारा वेळ, एकूण तास, अंथरुणातील वेळेपैकी प्रत्यक्ष झोप किती, मध्ये येणारे अडथळे, गोळीचा वापर आणि दिवसाची मरगळ, अशा सात अंगांनी ती विचारते. एकूण गुण शून्य ते एकवीस. पाचांपेक्षा अधिक गुण म्हणजे झोप बिघडलेली. "रात्री नऊला आडवा होतो, सकाळी पाचला उठतो" असे सांगणाऱ्याची आठ तास झोप झाली असे सर्वजण धरून चालतात. प्रत्यक्षात तो बारा वाजेपर्यंत जागा असतो आणि नंतर तीनदा उठतो, हे फक्त त्याच्या पत्नीला ठाऊक असते.

झोप आणि चाल यांना जोडणारे अभ्यास २००७ आणि २००८ मध्ये अमेरिकेत झाले. एक वृद्ध स्त्रियांचा, दुसरा वृद्ध पुरुषांचा. मनगटावर घड्याळासारखे यंत्र बांधून रात्रीची हालचाल नोंदविली गेली. ज्यांची झोप रात्री वारंवार मोडत होती, झोप लागल्यानंतर ज्यांचा दीर्घ काळ जागेपणी जात होता, त्यांची चाल इतरांपेक्षा मंद आढळली आणि पुरुषांच्या अभ्यासात हाताची पकडही कमजोर दिसली. स्त्रियांच्या अभ्यासात अत्यल्प झोपणाऱ्यांचीही चाल मंद होती, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्या देशातही वार्धक्याची एक विशाल पाहणी झाली आहे. मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांवरील व्यक्ती आणि त्यांचे जोडीदार मिळून बहात्तर हजारांहून अधिक लोकांची माहिती गोळा केली. तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पाहणीत झोपेच्या तक्रारी विचारल्या गेल्या आणि साठ वर्षांवरील व्यक्तींना चार मीटर चालवून वेळही मोजली गेली. शासनाच्या पाहणीस जे मोजावेसे वाटले ते घरच्यांनी मोजण्यास हरकत नसावी.

हे घडते कसे? निद्रेची सुमारे नव्वद मिनिटांची आवर्तने असतात आणि रात्रीच्या पहिल्या भागात गाढ निद्रेचे प्रमाण अधिक असते. त्याच वेळी शरीराची झीज भरून काढणारे वृद्धी-संप्रेरक मोठ्या प्रमाणात स्रवते. वयाबरोबर ही गाढ निद्रा आपोआप कमी होते. तिच्यात आणखी व्यत्यय आला तर स्नायूंची दुरुस्ती अपुरी राहते. दुसरे कारण वेदनेचे. अपुऱ्या झोपेनंतर तेच गुडघे अधिक दुखतात, कारण वेदना सोसण्याची मर्यादाच खाली येते. तिसरे कारण अवधानाचे, आणि ते सर्वांत महत्त्वाचे म्हटले पाहिजे. चालणे ही केवळ पायांची क्रिया नाही. खड्डा, पायरी, समोरून येणारी सायकल, ओली फरशी या सर्वांची दखल मेंदू क्षणोक्षणी घेत असतो. झोपेविना थकलेला मेंदू हे काम जपून करू लागतो आणि जपून करायचे म्हणजे हळू करायचे.

स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ मध्ये एक साधी गोष्ट पाहिली. वृद्धनिवासातील अठ्ठावन्न जणांशी चालताना गप्पा मारल्या. बारा जण बोलण्यासाठी थांबले. चालणे आणि बोलणे त्यांना एकाच वेळी साधेना. पुढील सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहा जण पडले. ईर्यासमितीत चालताना अन्य विषयांत मन न घालता केवळ मार्गाकडे लक्ष ठेवण्यास सांगितले आहे, तिचे प्रयोजन जीवदया. परंतु चालताना मन दुसरीकडे गेले की पाऊल चुकते, हे निरीक्षण दोन्हीकडे एकच आहे.

येथे एका गैरसमजाची दखल घेणे आवश्यक आहे. समाजात संथ चालीला प्रतिष्ठा आहे. चार हात पुढची भूमी पाहत शांतपणे चालणारे मुनी सर्वांनी पाहिलेले असतात, त्यामुळे घरातील आजोबा हळू चालू लागले की त्यात गांभीर्य, वैराग्य पाहण्याची सवय जडते. ईर्यासमितीची चाल ही जागरूकतेची चाल असते. तिच्यात पाऊल निश्चित पडते, तोल सुटत नाही आणि गरज पडली तर तेच मुनी दिवसात पंधरा-वीस किलोमीटरचा विहार करतात. झोपेअभावी मंदावलेली चाल याच्या नेमकी उलट असते. तीत पाय फरशीवर घासतात, भिंतीचा आधार शोधला जातो, वळताना तोल जातो. दोन्ही चालींना एकाच नावाने गौरविणे हा त्या वृद्धावर अन्याय आहे.

मग दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो स्वाध्यायात अनेकदा विचारला जातो. मुनी तर अल्पनिद्रा घेतात. त्यांची चाल कशी टिकते? दिगंबर मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांत क्षितिशयन हा एक. भूमीवर किंवा फळीवर, एका कुशीवर, रात्रीच्या उत्तरार्धात थोडी झोप. उत्तराध्ययन सूत्राच्या सामाचारी अध्ययनात रात्रीच्या चार प्रहरांपैकी एकच, तिसरा, निद्रेसाठी ठेवलेला आहे. या प्रश्नाचे उत्तर देताना भाबडेपणा नको. मुनींची चर्या ही दीक्षेनंतरच्या दीर्घ अभ्यासाने घडलेली असते. दररोजची वेळ तीच, सूर्यास्तानंतर अन्नपाणी नाही, दिवसभर उजेडात वावर, पायी विहार, आणि रात्री मनात व्यवहाराची चिंता नाही. निद्रेची गुणवत्ता सुधारणाऱ्या ज्या गोष्टी आज डॉक्टर सांगतात त्यांतील बहुतेक त्या चर्येत आहेत. गृहस्थाने यातील एकही न घेता केवळ "कमी झोप" तेवढी उचलावी, रात्री साडेअकरापर्यंत वहीखाते आणि दूरदर्शन, पहाटे साडेचारला अभिषेकासाठी उठणे, आणि त्यास तप म्हणावे, हे योग्य नव्हे. प्रौढांना सर्वसाधारणपणे सात तास झोप लागते. साठी ओलांडल्यावर ही गरज विशेष कमी होत नाही. झोप मिळविण्याची क्षमता मात्र कमी होते.

समाजातील व्यवसायाचे स्वरूपही विचारात घेतले पाहिजे. दुकानाच्या गादीवर सकाळी बसलेला व्यापारी रात्रीच उठतो. गिऱ्हाईक आले की चहा, गिऱ्हाईक गेले की चहा, आणि शेवटचा चहा सायंकाळी सहा-सातच्या सुमारास. चहा-कॉफीतील कॅफिनचा निम्मा अंश पाच तासांनंतरही शरीरात असतो, याचा विचार कोणी करीत नाही. दिवसभरात पायांना काम नाही, त्यामुळे रात्री शरीराला झोपेची भूक नाही. झोप नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी चालण्याचा उत्साह नाही. हे चक्र कोठूनही तोडता येते. चालण्याच्या व्यायामाने झोप सुधारते, ही बाजूही अभ्यासांतून पुढे आलेली आहे. त्यातही सकाळच्या उजेडात चालणे अधिक हितकर, कारण मेंदूतील घड्याळ सकाळच्या प्रकाशावर लावले जाते. शरीरातील या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सकाळी घरातून मंदिरापर्यंत पायी जाण्याची जुनी रीत मोटारसायकलवर मागे बसून जाण्याने मोडू लागली आहे. मुलगा प्रेमाने सोडतो, हे मान्य, पण ज्या वडिलांना चालता येते त्यांना चालू द्यावे.

मराठवाड्याचा उन्हाळा हे झोप मोडण्याचे स्थानिक कारण. झोप लागण्यासाठी शरीराचे आतील तापमान थोडे उतरावे लागते आणि मे महिन्यात परभणी जिल्ह्यात पारा चाळिशीच्या वर असताना सिमेंटच्या छताखालील खोली मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. पूर्वी माळवदावर, अंगणात झोपण्याची पद्धत होती. ती आता सर्वत्र शक्य नाही. निदान वृद्धांची खाट खालच्या, हवेशीर खोलीत असावी. तळमजल्याची हवेशीर खोली भांडाराला आणि वडील वरच्या तापलेल्या खोलीत, अशी व्यवस्था काही घरांत दिसते. ती बदलण्यास पैसा लागत नाही.

आता काही गोष्टी ज्यांसाठी वैद्यकीय सल्ला आवश्यक आहे. घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण मानले जाते. मोठ्याने घोरत असता श्वास मध्येच काही क्षण थांबतो, मग दचकून धाप लागल्यासारखा सुरू होतो आणि दिवसा गादीवर बसल्या बसल्या डुलकी लागते, असे असेल तर तो निद्राश्वसनरोध असू शकतो. त्यात रात्रभर मेंदूला प्राणवायू अपुरा पडतो. रक्तदाबाशी त्याचा निकटचा संबंध आहे आणि त्यावर उपचार आहेत. रात्री तीन-चार वेळा लघवीस उठावे लागत असेल तर मधुमेह, पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी, किंवा सायंकाळी घेतलेली लघवीची गोळी यांपैकी काहीही कारण असू शकते. गोळीची वेळ बदलता येईल काय, एवढा एकच प्रश्न डॉक्टरांना विचारून कित्येकांची झोप सुधारते.

शाकाहारी समाजासाठी तर एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य आहारात जवळजवळ नसते. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातून मिळते. ज्यांचे दूधदुभते कमी, किंवा जे मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वा आम्लपित्तावरील गोळ्या वर्षानुवर्षे घेतात, त्यांच्यात त्याची कमतरता सहज होते. पायांना मुंग्या, तळव्यांची बधिरता, अंधारात चालताना तोल जाणे ही त्याची लक्षणे. रक्ताची तपासणी करून गोळ्या किंवा इंजेक्शनने ही उणीव भरून काढता येते; फार उशीर झाला तर मज्जातंतूंचे नुकसान पूर्ण भरून येत नाही. रक्तातील लोह कमी असल्यास रात्री पाय सतत हलवावेसे वाटतात आणि झोप मोडते. चाल आणि झोप या दोहोंचा बिघाड अशा एखाद्या कमतरतेतून होत असताना "वय झाले" म्हणून गप्प बसणे परवडणारे नाही.

झोपेच्या गोळ्यांविषयी कठोर शब्द वापरणे भाग आहे. एकदा कोणा डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी दिलेली गोळी पंधरा वर्षे चालू असते. जुनी चिठ्ठी दाखवून, किंवा तीही न दाखवता, ती मिळवली जाते. गोळीने डोळे मिटतात; पण तिचा अंमल पहाटेपर्यंत राहतो आणि पहाटेच्या अंधारात न्हाणीघराकडे जाणारा वृद्ध तोल जाऊन पडतो. खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया, अंथरूण, परावलंबन. मंदिरात जाणे थांबते, जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या लहान दारांतून वाकून आत जाण्याचा प्रश्नच उरत नाही. वृद्धांना अशा गोळ्या शक्यतो देऊ नयेत, अशी अमेरिकेतील वार्धक्य-तज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. मात्र अनेक वर्षांची गोळी एका रात्रीत स्वतःहून बंद करणेही धोक्याचे असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करावी.

व्रतांविषयी दोन शब्द. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकले तर झोपेच्या वेळी पोट जड नसते, छातीत जळजळ कमी होते आणि रात्री उठणेही घटते. त्या दृष्टीने चौविहार झोपेला अनुकूल आहे. परंतु वैशाख-ज्येष्ठात दिवसा पुरेसे पाणी न पिता चौविहार करणारे, इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणारे आणि लघवीची गोळी चालू असणारे, यांनी डॉक्टरांना आपल्या नियमाची पूर्ण कल्पना द्यावी. बहुतेक जण ती देत नाहीत, डॉक्टर हसतील म्हणून. दीर्घ उपवासाच्या काळात आणि पारण्यानंतरच्या दिवसांत वृद्धाने एकट्याने जिना उतरू नये. यात व्रतभंग कसला?

आणि ज्यांच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते त्या घरातील स्त्रिया. चातुर्मासात मुनींच्या आहारासाठी चौका लावायचा म्हणजे पहाटे चारला उठून सोवळ्याची तयारी, पाणी गाळणे, धान्य निवडणे. रात्री सर्वांत शेवटी निजणारीही तीच. तिला दुपारी डुलकी लागली तर प्रवचनात झोपते म्हणून थट्टा होते. चौक्याची कामे दोन-तीन घरांनी आळीपाळीने वाटून घेतल्यास पुण्य कमी होत नाही. साठी गाठलेल्या बाईंचे गुडघे दुखतात हे घराला माहीत असते. त्यांची झोप कित्येक वर्षांत सलग पाच तास झालेली नाही, हे माहीत नसते.

न्यासाच्या वतीने यासंबंधी एक व्यवस्था सहज करता येईल. सभामंडपाच्या बाहेरील ओसरीवर, जेथे फरशी सपाट आहे, चार मीटर अंतरावर रंगाच्या दोन रेषा कायमच्या आखाव्यात. दरवर्षी महावीर जयंतीच्या आरोग्य शिबिरात साठ वर्षांवरील प्रत्येकाची चाल मोजावी आणि झोपेविषयी चार-पाच प्रश्न विचारावेत. झोप लागण्यास किती वेळ लागतो, रात्री किती वेळा उठावे लागते, घोरताना श्वास अडतो काय, गोळी चालू आहे काय, सकाळी ताजेतवाने वाटते काय, एवढे पुरेत. नोंदवहीत प्रत्येकाचे स्वतंत्र पान असावे आणि त्याच पानावर दरवर्षीचा आकडा खाली खाली लिहीत जावा, कारण एका वर्षाच्या आकड्यापेक्षा गेल्या वर्षाशी केलेली तुलना अधिक बोलकी असते. ज्यांना पाच सेकंदांहून अधिक वेळ लागेल, किंवा गेल्या वर्षापेक्षा आकडा स्पष्टपणे वाढला असेल, त्यांची त्याच दिवशी शिबिरातील डॉक्टरांशी गाठ घालून द्यावी. आकडे ध्वनिक्षेपकावरून पुकारू नयेत. चिठ्ठी ज्याच्या त्याच्या हाती द्यावी. महिलांची मोजणी महिला मंडळाने करावी. पाठशाळेतील नववी-दहावीची मुले सेकंद मोजण्याचे काम आनंदाने करतील. मोबाइलमध्ये त्याची सोय असतेच. आजोबांसोबत चार मीटर मागे-पुढे चालताना त्यांच्याशी बोलू नये, एवढे मात्र त्या मुलांना आधी सांगून ठेवावे.